तीस, साठ, पंचवीस

ओफेलिया मेहीया चष्मा कपाळावर चढवते
आणि कागद हातभर लांब धरते.
ह्यूस्टनच्या बेलेअर रस्त्यावर, डोनटवाला आणि धोबीखान्याच्या मधे
माझं ऑफिस: एक टेबल, दोन खुर्च्या
आणि जूनपासून खोकणारा एसी.

"तीस, साठ, पंचवीस," ती वाचते,
पोरानं पाढा म्हणावा तशी.
हे कायद्यापुरतं, मी सांगतो, हजारांत.
तुम्ही कुणाला धडकलात तर त्याचं.
"आणि माझं?"
तुमचं काही नाही.
"काहीच नाही?"
मी पेनाचं टोपण काढतो, लावतो.

बाहेर उन्हात तिची कोरोला,
दोन हजार बाराची, उजव्या आरशाला चिकटपट्टी.
डिकीत व्हॅक्यूम, तीन बादल्या, ब्लीचचा कॅन.
रात्री दहा ते पहाटे चार
ती वकिलांची टेबलं पुसते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.
गाडी गेली की टेबलं गेली,
एवढं गणित तिला येतं.
पण महिन्याला अडतीस डॉलर जास्त,
तेही गणितच.

पुराच्या वर्षी बायू रस्त्यावर चढला तेव्हा
मी माझी गाडी इस्पितळाच्या पार्किंगमधे
चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवली
आणि बूट गळ्यात अडकवून चालत घरी आलो.
शेजारचा थिबोडो म्हणाला, बघू.
तिसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या काचेवर रेघ होती,
पट्टी लावून शिसपेन्सिलीनं ओढावी तशी सरळ.
सीट दाबली की पाणी यायचं, आठवडाभर.
वास तर विचारू नका.
हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
सांगितलं तर विकतोय असं वाटतं.
(विकतोच मी. धंदाच आहे.)

"पाणी वरून पडलं की खालून आलं,
यात फरक असतो ना?"
घराच्या वेळी कुणीतरी शिकवलंय तिला.
घराला असतो. घराला पुराचा कागद वेगळा.
गाडीला नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतलं
की पाणी म्हणजे पाणी.
"म्हणजे गाडीतच राहावं," ती हसते.
मग हसणं आवरतं.
तिची बहीण राहिली होती. सात आठवडे, दोन पोरांसकट.

टीव्हीवर युकातानच्या खाली पांढरा भोवरा.
अजून नाव नाही त्याला, नुसता आकडा.
नाव मिळवून तो आखातात शिरला
की हेड ऑफिसची एक ओळ येईल,
स्क्रीन राखाडी होईल,
मग गाडी खुद्द बिशपची असली
तरी नवा कागद करता यायचा नाही मला.
सांगावं तर घाबरवल्यासारखं.
न सांगावं तर
सांगितलंच.

ती बराच वेळ भोवऱ्याकडे बघते.
"ओस्मान म्हणायचा, हप्ते भरणं म्हणजे पैसे पाण्यात."
आणि थांबते. स्वतःच्याच वाक्याकडे बघते,
रस्त्यात सापडलेलं नाणं
खरं की खोटं, तसं.

"डिडक्टिबल हजाराचं घेतलं तर?"
हप्ता बावीसवर येतो.
"आणि ते हजार कुठून आणू?"
तेव्हा बघू, माझ्या जिभेवर आलं होतं.
थिबोडो आठवला. गिळलं.

"पाचशेचं करा. आणि ते धडकेचं नको,
वीस वर्षांत एक आरसा सोडून काही फुटलं नाही माझ्या हातून."
पाकिटातून नोटा निघतात, मग चिल्लर,
मग एक जपमाळ, ती परत आत.
सही करताना ती जीभ दातांत धरते.

बाहेर जाऊन लगेच निघत नाही.
गाडीच्या दाराशी उभी राहते,
तळहात आडवा धरते, हँडलच्या उंचीवर,
आणि माझ्या काचेतून विचारते, भुवया उंचावून:
इथपर्यंत?

मी माझा हात वर करतो.
थोडा आणखी वर.